शत्रूने ठेवलेले नाव

एखाद्या धर्मपंथाने स्वतःला कोणत्या नावाने ओळखावे हा अधिकार त्या पंथाचाच होय, असे आपण गृहीत धरतो. परंतु इतिहासाच्या दफ्तरात तो पंथ कोणत्या नावाने नोंदला जाईल हे पुष्कळदा त्याचे शत्रू ठरवितात, आणि एकदा ते नाव परभाषांच्या मुखी रुळले म्हणजे मूळ माणसे पांगली, त्यांचे किल्ले ढासळले, त्यांची ग्रंथालये जळली, तरी नाव मात्र स्वतंत्रपणे नांदत राहते. इंग्रजीतील ‘असॅसिन’, फ्रेंचमधील ‘असासँ’, इटालियनमधील ‘असास्सिनो’, स्पॅनिशमधील ‘आसेसिनो’ ही सारी एकाच अरबी शब्दाची अपत्ये आहेत. इंग्रजीत तो शब्द एखाद्या थोर वा सत्ताधारी पुरुषाचा दग्याने वध करणाऱ्यापुरता राखून ठेवलेला आहे. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत तो कोणत्याही खुन्याला लागतो. ज्यांच्यावरून तो निघाला ते लोक स्वतःला ‘फिदाई’ म्हणजे आपला प्राण ओवाळून टाकणारे म्हणवीत, आणि त्यांचे वैरी त्यांना ‘हशीशी’ म्हणत. युरोपाने वैऱ्यांचा शब्द उचलला. या उचलण्यात केवळ भाषेचा अपघात नाही, त्यामागे एक धार्मिक प्रश्न दडलेला आहे: मनुष्याने आपले सर्वस्व, आपल्या बुद्धीसकट, गुरूच्या स्वाधीन करावे काय, आणि केले तर त्या समर्पणानंतर त्याच्या हातून घडणाऱ्या कर्माचा धनी कोण?

हा पंथ म्हणजे शिया इस्लाममधील इस्माइली संप्रदायाची निझारी शाखा. इराणच्या उत्तरेस अल्बुर्झ पर्वताच्या कुशीत अलमूत नावाचा दुर्गम किल्ला आहे, तो 1090 साली हसन-इ-सब्बाह नामक धर्मप्रचारकाने हस्तगत केला. पुढे 1094 मध्ये इस्माइलींचा धर्मप्रमुख म्हणजे इमाम असलेला कैरोचा फातिमी खलिफा मुस्तन्सिर मरण पावल्यावर त्याच्या वारसाविषयी तंटा लागला, तेव्हा कैरोच्या दरबाराने धाकटा मुलगा मुस्तअली यास गादीवर बसविले आणि हसनने व इराणातील इस्माइलींनी थोरला मुलगा निझार याचा पक्ष धरला. इराणावर त्या वेळी सेल्जुक तुर्कांचे राज्य होते, आणि ते कडवे सुन्नी होते. म्हणजे हा पंथ एकीकडे तुर्की सैन्याच्या आणि दुसरीकडे स्वतःच्याच भावकीच्या कात्रीत सापडलेला होता. हसन अलमूतवर चढला तो पुन्हा खाली उतरला नाही. 1124 मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसपेक्षा अधिक वर्षे तो तेथेच अध्ययन, लेखन, उपासना आणि राज्यकारभार यांत मग्न राहिला. त्याचा कट्टर द्वेष करणारा इतिहासकार जुवैनी हाही त्याच्या वैराग्याची कबुली देतो, आणि सांगतो की हसनने आपल्या एका मुलास मद्यपानाच्या आरोपावरून देहदंड दिला. ही हकीकत वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हसनचे खरे महत्त्व त्याच्या किल्ल्यांपेक्षा त्याच्या सिद्धान्तात आहे. त्यास ‘तालीम’ असे नाव होते. मराठीत आपण हा शब्द आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला लावतो, परंतु मूळ अरबीत त्याचा अर्थ अधिकारी गुरूकडून मिळणारे शिक्षण असा आहे. हसनने आपला युक्तिवाद एका छोट्या फारसी ग्रंथात मांडला होता; तो ग्रंथ आज उपलब्ध नाही, तरी त्याचा सारांश शहरस्तानी या बाराव्या शतकातील पंडिताने धर्मपंथांवरील आपल्या ग्रंथात नमूद करून ठेविल्यामुळे वाचला आहे. त्या युक्तिवादाचा ओघ असा. ईश्वराचे ज्ञान केवळ स्वतःच्या बुद्धीने होते असे जो म्हणतो, त्याला दुसऱ्याच्या बुद्धीने काढलेला विरुद्ध निष्कर्ष खोटा ठरविण्याचा अधिकार राहत नाही. आणि ज्या क्षणी तो दुसऱ्यास चूक म्हणून समजावू लागतो त्या क्षणी तो स्वतःच शिक्षक बनतो, म्हणजे शिक्षकाची गरज त्याने आचरणाने मान्य केलेली असते. बरे, शिक्षक हवा, तर कोणीही चालेल काय? कोणीही चालेल म्हणणाऱ्याला प्रतिपक्षाचा शिक्षक नाकारता येणार नाही. तेव्हा शिक्षक हवा आणि तो सत्य हवा. हा सत्य शिक्षक म्हणजेच इमाम. बुद्धी मनुष्याला येथवर आणून सोडते, आपण अपुरे आहोत हे ती ओळखते, आणि ज्याने ही अपूर्णता भरून निघेल त्याच्या दारी ती थांबते.

ज्या वाचकाच्या कानावर लहानपणापासून सद्गुरूवाचून मोक्ष नाही हे वचन पडत आले आहे, त्याला या विचारात परके असे काही वाटू नये. आपल्या वारकरी, नाथ, दत्त, समर्थ या सर्व परंपरांत गुरूची आवश्यकता याच प्रकारे प्रतिपादिली गेली आहे, जरी तिची मांडणी तर्काच्या अंगाने क्वचित झाली असली तरी. हसनच्या विरोधकांनाही हा युक्तिवाद हलका वाटला नाही. बगदादच्या खलिफाच्या इच्छेवरून हसनच्या पंथाचे खंडन लिहावयास बसलेला पुरुष कोणी सामान्य मुल्ला नसून साक्षात् अबू हामिद अल्-गझाली होता, आणि त्याने एका ग्रंथावर न थांबता हा विषय वारंवार हाती घेतला. आपल्या आत्मवृत्तात सत्याच्या शोधाचा दावा करणारे चार वर्ग तो सांगतो, त्यांत या तालीमवाद्यांना त्याने स्वतंत्र स्थान दिले आहे. त्याचे उत्तर थोडक्यात असे की, शिक्षक हवा हे मान्य, परंतु आमचा शिक्षक पैगंबर मुहंमद आहे आणि त्याची शिकवण पूर्ण झालेली आहे. शिवाय तुमच्या इमामाकडून तुम्ही नेमके काय शिकलात असे विचारले असता तुमच्याजवळ सांगण्यासारखे काहीच निघत नाही. येथे एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. हाच गझाली संशयाच्या दुर्धर व्याधीतून सुटला तो कोणत्याही प्रमाणाच्या जोरावर नव्हे. ईश्वराने आपल्या अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशामुळे आपण सुटलो, असे तो स्वतः लिहितो. बुद्धी अपुरी आहे याविषयी वादी आणि प्रतिवादी यांचे एकमत होते. तिला कोठे बसवावे एवढाच तंटा होता.

आता रक्ताची गोष्ट टाळता येत नाही, आणि टाळू नये. 1092 मध्ये सेल्जुकांचा थोर वजीर निझाम-उल्-मुल्क याचा खून झाला, आणि त्यानंतरच्या शतकात अनेक वजीर, अमीर, काझी, दोन अब्बासी खलिफा आणि काही ख्रिस्ती सरदार फिदाईंच्या खंजिराला बळी पडले. फिदाई एकटा किंवा दोघे-तिघे मिळून जाई, महिनोन् महिने शत्रूच्या चाकरीत राहून विश्वास संपादन करी, भर दरबारात वा मशिदीत वार करी आणि बहुधा तेथेच मारला जाई. पळून वाचण्याची तजवीज तो करीत नसे. काही अभ्यासकांनी असे म्हटले आहे की दुबळ्या पंथाजवळ प्रचंड फौजेला तोंड देण्याचा दुसरा उपाय नव्हता, आणि एका सेनापतीच्या मृत्यूने हजारो सैनिकांची लढाई टळत असेल तर त्या हिशेबात माणुसकीच होती. हा हिशेब मला पटत नाही. विश्वासाने जवळ घेणाऱ्याच्या पोटात सुरी खुपसणे हे कृत्य त्याच्या उद्दिष्टाने धुऊन निघत नाही, आणि मशिदीत उपासना करणाऱ्यावर उगारलेला हात कोणत्याही इमामाच्या आज्ञेने पवित्र होत नाही. तथापि एखाद्याचा अपराध सिद्ध झाला म्हणून त्याच्यावर वाटेल तो दुसरा आरोप ठेवण्याची मुभा मिळत नाही. आणि ‘हशीशी’ हा शब्द म्हणजे नेमका असा दुसरा आरोप आहे.

‘हशीश’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ वाळलेले गवत, वैरण. पुढे तो भांगेच्या झाडाला आणि त्यापासून केलेल्या मादक पदार्थाला लागला. निझारींना ‘हशीशिय्या’ म्हटल्याचा सर्वांत जुना ज्ञात लेख 1123 च्या सुमारास कैरोच्या दरबारातून निघालेला आहे. मुस्तअलीचा मुलगा खलिफा आमिर याच्या नावे सीरियातील इस्माइलींना पाठविलेल्या त्या खलित्यात निझारच्या हक्काचे खंडन आहे, आणि त्या ओघात हा शब्द कोणतेही स्पष्टीकरण न देता वापरला आहे. म्हणजे ही शिवी प्रथम सुन्नींच्या वा ख्रिस्त्यांच्या लेखणीतून आपल्यापुढे येत नाही, ती भाऊबंदकीतून येते. त्या समाजात हशीश ओढणारा वा खाणारा म्हणजे आपल्याकडे गंजेडी म्हटल्याने जो बोध होतो तसला, लोकांनी ओवाळून टाकलेला, श्रद्धा आणि अब्रू दोन्ही गमावलेला मनुष्य समजला जाई. हे लोक खरोखरच मादक द्रव्य सेवन करीत होते असे त्या खलित्यात म्हटलेले नाही. अलमूतचा समूळ नाश पाहिलेला आणि पंथाविषयी एकही चांगला शब्द न बोलणारा जुवैनीदेखील असा आरोप करीत नाही. आणि त्याच्या हाती पुरावा असता तर तो गप्प बसला असता हे संभवत नाही. ज्या गडावर मद्याच्या प्याल्यासाठी गडाच्या धन्याचा मुलगा जिवाला मुकला, त्या गडाच्या माणसांना व्यसनी म्हणण्यास शिवीखेरीज दुसरा आधार दिसत नाही.

ही शिवी सीरियात युरोपच्या कानी पडली. मस्याफ, कहफ इत्यादी किल्ल्यांवर निझारींची सत्ता होती, रशीद-उद्दीन सिनान हा त्यांचा मुख्य होता, आणि क्रुसेडसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धासाठी, आलेल्या फ्रँक सरदारांची राज्ये त्यांना लागूनच होती. टायरचा आर्चबिशप विल्यम याने आपल्या इतिहासात या लोकांचे नाव दिले आहे, परंतु ते कोठून आले हे ख्रिस्त्यांनाही ठाऊक नाही आणि मुसलमानांनाही ठाऊक नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. शब्द अर्थावाचून सीमा ओलांडून आला होता. याच विल्यमने 1173 च्या सुमाराची एक हकीकत दिली आहे, ती या सर्व प्रकरणात मला अतिशय मोलाची वाटते. निझारींच्या प्रमुखाने जेरुसलेमचा राजा अमालरिक याच्याकडे वकील पाठविला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यास तयार आहोत, मात्र टेम्पलर नावाच्या लढवय्या धर्मबंधूंना आपल्या लोकांना जी दोन हजार सुवर्णनाण्यांची वार्षिक खंडणी भरावी लागते ती माफ व्हावी, असा त्याचा प्रस्ताव असल्याचे विल्यम सांगतो. धर्मांतराची भाषा कितपत खरी होती हा प्रश्न बाजूला ठेवू. राजाने प्रस्ताव मान्य केला, वकिलाला अभय देऊन परत पाठविले, आणि वाटेत एका टेम्पलर सरदाराने दबा धरून त्या वकिलाची हत्या केली. राजा संतापला, त्याने खुन्यास पकडून तुरुंगात टाकले. राजाच्या अभयाखाली परतणाऱ्या वकिलाला मारणारा तो सरदारही आपल्या संघाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेलाच होता. परंतु ‘टेम्पलर’ या नावाचा अर्थ युरोपच्या कोणत्याही भाषेत ‘खुनी’ असा झाला नाही. शब्द घडविण्याचे काम ज्यांच्या हाती होते त्यांनी आपली माणसे त्यातून वगळली.

यानंतरची पायरी मात्र कोणाला अपेक्षित वाटणार नाही. 1175 मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा वकील बुर्कार्ड हा सलाहुद्दीनकडे गेला होता, त्याने या पंथाचे वर्णन लिहिले. 1192 मध्ये टायर येथे, जेरुसलेमच्या राजपदासाठी निवडला गेलेला माँफेर्राचा कॉनराड हा संन्याशांच्या वेषातील दोघांच्या हातून मारला गेला आणि त्याची वार्ता साऱ्या युरोपात पसरली. या साऱ्या वार्तांनी लोकांचे मन भयाने भरले, तितकेच ते विस्मयानेही भरले. धन्याने खूण करताच मृत्यूच्या मुखात उडी घेणारी माणसे! दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हांसाल भाषेच्या प्रेमकवींनी ही प्रतिमा तत्काळ उचलली, आणि आपण आपल्या प्रियेचे ‘असासँ’ आहोत, पर्वतावरच्या वृद्धाची, म्हणजे निझारींच्या प्रमुखाची, ते जशी सेवा करतात तशी आपण प्रेमाची अव्यभिचारी सेवा करतो, अशा अर्थाच्या उक्ती त्यांच्या काव्यात येऊ लागल्या. थोडा काळ का होईना, युरोपीय भाषेत या शब्दाचा अर्थ ‘एकनिष्ठ’ असा होता.

मराठी वाचकाला येथे क्षणभर थांबणे भाग आहे. कारण ज्या ‘फिदा’ या अरबी शब्दापासून ‘फिदाई’ झाला तो शब्द फारसीच्या मार्गाने आपल्या भाषेतही आला आहे, आणि आपण एखाद्याच्या गळ्यावर, एखादीच्या रूपावर, ‘फिदा होतो’ ते त्याच अर्थाने: स्वतःला ओवाळून टाकणे. त्या माणसांनी स्वतःसाठी निवडलेले नाव आपल्याकडे प्रेमाचा शब्द होऊन राहिले, आणि शत्रूंनी त्यांना दिलेले नाव फ्रान्सच्या दक्षिणेत काही काळ प्रेमाचाच शब्द झाले. दोन भाषांनी, परस्परांशी कसलाही संबंध नसता, त्या माणसांत एकच गोष्ट पाहिली; आणि ती खंजीर नव्हती. अलीकडे वृत्तपत्रांतून ‘फिदायीन हल्ला’ हा शब्दप्रयोग आपल्याही कानी पडू लागला, आणि प्रेमाच्या शब्दाशेजारी रक्ताचा शब्द पुन्हा येऊन बसला, हेही नमूद केले पाहिजे.

इटलीत त्या निष्ठेचा लोप झाला. कवी दान्तेने आपल्या महाकाव्याच्या नरकखंडातील एकोणिसाव्या सर्गात हा शब्द योजला तेव्हा तो केवळ विश्वासघातकी मारेकरी एवढाच अर्थ घेऊन येतो, आणि त्याच चौदाव्या शतकाच्या अखेरीस दान्तेवर भाष्य लिहिणाऱ्या फ्रांचेस्को दा बूती याला त्याचा अर्थ सांगावा लागला तो असा की, द्रव्य घेऊन दुसऱ्याचा जीव घेणारा. इतकी विपरीत उलटापालट शब्दांच्या इतिहासात क्वचितच आढळते. फिदाई मोबदला म्हणून काहीही घेत नसे, हेच तर त्याच्याविषयीच्या सर्व भीतीचे मूळ होते. आणि त्याच्याच नावाने आता भाडोत्री मारेकरी ओळखला जाऊ लागला. इटलीतील नगरराज्यांच्या हेवेदाव्यांत अशा भाडोत्री माणसांची गरज होती, आणि गरजेच्या वस्तूला लोक हाताशी असलेले नाव देतात. पुढचा प्रवास सरळ आहे: इटालियनमधून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजहत्येचा विचार मनात घोळविणाऱ्या नायकाच्या तोंडी त्यापासून साधलेले भाववाचक नाम आले, आणि इंग्रजीत ते राजहत्येशी कायमचे जोडले गेले. फ्रेंच भाषेत घायाळ करणाऱ्या कटाक्षाला आजही त्याच शब्दाचे विशेषण लावतात. प्रोव्हांसाल कवींच्या अर्थाचा तेवढाच अंश उरला आहे.

माझ्या मुख्य प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक ठरलेली कथा मार्को पोलोची होय. 1256 मध्ये मंगोल सरदार हुलागूने अलमूत घेतला, शेवटचा अधिपती शरण आला, आणि जुवैनीने किल्ल्यातील ग्रंथालय धुंडाळून कुराणाच्या प्रती व खगोलविद्येची उपकरणे बाजूला काढली आणि पाखंडी वाटलेले ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन केले. मार्को पोलो त्या प्रदेशाच्या आसपास गेला तो या विध्वंसानंतर. आणि आपला वृत्तान्त त्याने 1298 मध्ये जिनोआच्या बंदिवासात सांगितला. त्यात दूध, मध आणि मद्य यांचे पाट वाहणारी बाग आहे, सुंदर स्त्रिया आहेत, तरुणांना गुंगीचे औषध पाजून त्या बागेत नेणारा आणि हाच स्वर्ग असे भासविणारा वृद्ध आहे. पुन्हा औषध पाजून तो त्यांना बाहेर आणतो, आणि त्या स्वर्गाच्या ओढीने ते सांगेल त्याचा वध करतात. या बागेचा इराणी वा अरबी इतिहासकारांत मागमूस नाही. युरोपात मात्र तिला शतकानुशतके कोणी आव्हान दिले नाही. 1809 मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे सिल्व्हेस्त्र द सासी या थोर अरबीपंडिताने आपला निबंध वाचून शब्दाची व्युत्पत्ती निर्विवादपणे ‘हशीश’पर्यंत नेली; ती व्युत्पत्ती खरी आहे, परंतु खऱ्या व्युत्पत्तीने खोट्या कथेला बळ दिले, कारण मार्को पोलोचे गुंगीचे औषध ते हेच, असा तर्क त्याने केला. 1818 मध्ये फॉन हामरने या पंथाचा इतिहास जर्मन भाषेत लिहिला तो तर सर्व गुप्त मंडळांविरुद्ध दिलेला इशारा होता. 1840 च्या दशकात पॅरिसमधील काही साहित्यिक हशीश सेवन करण्यास जमत, त्यांनी आपल्या मंडळाला हशीशींचेच नाव दिले. शिवीचे मिरविण्याचे बिरुद झाले होते, आणि ते मिरविणाऱ्यांचा मूळ माणसांशी कसलाही संबंध नव्हता.

युरोपला ही बाग आणि ही नशा इतकी का हवी होती? माझे उत्तर असे आहे. पूर्ण शुद्धीवर असलेला, विद्याभ्यास केलेला, सदाचरणी, निर्व्यसनी मनुष्य केवळ श्रद्धेने दुसऱ्याचा जीव घेतो आणि स्वतःचा देतो, हे मान्य करणे कोणत्याही धर्माला फार जड जाते. कारण ते मान्य केले की प्रश्न आपल्या दारी येतो. जेरुसलेम जिंकताना ज्या क्रुसेडवाल्यांनी स्त्रिया आणि मुले कापली ते कोणत्या बागेतून आले होते? तेव्हा नशा मध्ये घातली की सारे सोपे होते. मारेकऱ्याची श्रद्धा खरी नव्हती, ती औषधाची गुंगी होती. त्याचा स्वर्ग खरा नव्हता, तो भाडोत्री बगीचा होता. आणि आपल्या श्रद्धेला भिण्याचे काही कारण उरत नाही. मादक द्रव्याची कथा ही त्या माणसांवर केलेला अन्याय आहेच, परंतु मला ती त्याहून अधिक गंभीर अशासाठी वाटते की ती एका खऱ्या प्रश्नाला दिलेले खोटे उत्तर आहे. फिदाई शुद्धीवर होता. म्हणूनच तो आपल्याला भयंकर वाटला पाहिजे.

आणि शुद्धीवर असूनही त्याने एक गोष्ट बाहेर ठेविली होती. हसनच्या युक्तिवादात बुद्धी इमामाच्या दारापर्यंत येते आणि तेथे तिची चाकरी संपते. गुरू कोणता हे ओळखण्यापुरतीच ती प्रमाण. गुरू काय करावयास सांगतो आहे हे पाहण्याचा तिला अधिकार नाही. येथे मला गीतेच्या अखेरच्या अध्यायाचे स्मरण होते, आणि ते अप्रस्तुत नाही, कारण तेथेही आप्तांना मारण्याचाच प्रश्न उभा आहे. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला प्रथम असे सांगतो की, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला जसे वाटेल तसे कर. सर्व सोडून मला शरण ये, हे त्यानंतर येते. शरणागती मागण्यापूर्वी देवाने भक्ताला नकाराचा अधिकार दिला. तो अधिकार हाती असताना केलेले समर्पण आणि तो अधिकारच आधी गहाण टाकून केलेले समर्पण बाहेरून सारखेच दिसतात. कवींना तर ते हटकून सारखे दिसतात. परंतु एकात विवेक अखेरपर्यंत सोबत चालतो आणि दुसऱ्यात तो उंबरठ्यावरून परत पाठविला जातो. गुरूवरील निष्ठा वाढली म्हणून विवेक कमी व्हावा लागतो असे मी मानत नाही. ज्या गुरूला शिष्याच्या विवेकाचे भय वाटते, त्याच्या अधिकाराविषयीच शंका घ्यावी.

तथापि सारा पंथ म्हणजे फिदाई नव्हे. हेच तर त्या युरोपीय शब्दाने आपल्याला विसरावयास लावले. याच निझारींच्या आश्रयाला, कुहिस्तान प्रांतातील त्यांच्या सुभेदारापाशी, 1235 च्या सुमारास नसीर-उद्दीन तूसी या ज्योतिर्विदाने नीतिशास्त्रावरील आपला ‘अख्लाक-इ-नासिरी’ हा ग्रंथ लिहिला. न्यायाची गरज प्रेमाच्या अभावी पडते, परस्परांत प्रेम असेल तर न्याय मागावा लागत नाही, असा विचार त्यात आहे. तो ग्रंथ पुढे हिंदुस्थानात अकबरालाही वाचून दाखविला जात असे. अलमूत पडल्यावर तूसीने त्या ग्रंथाची प्रस्तावना बदलली आणि जुन्या आश्रयदात्यांची स्तुती काढून टाकली. पुस्तक उरले, आश्रयदात्यांचे नाव त्यातून गेले.

या कथेचा उत्तरार्ध मुंबईत घडला. एकोणिसाव्या शतकात इराणातून आलेले निझारींचे इमाम, पहिले आगाखान, मुंबईत स्थायिक झाले, आणि त्यांच्या अनुयायी खोजा जमातीतील काहींनी त्यांचा अधिकार अमान्य केल्यावरून मुंबईच्या हायकोर्टात दावा गुदरला. त्याचा निकाल 1866 च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी दिला. खोजा मूळचे कोण, त्यांचा धर्म कोणता, आगाखान अलमूतच्या अधिपतींचे वंशज होत की नाहीत, हे प्रश्न कोर्टापुढे आले. एका बाजूस युरोपीय पंडितांनी लिहिलेला तो सारा काळा इतिहास होता. दुसऱ्या बाजूस जमातीच्या स्वतःच्या मुखी असलेली गिनाने, म्हणजे भक्तिगीते, होती, आणि त्यांत पीर सद्रुद्दीन यांच्या नावे असलेला ‘दसावतार’, ज्यात विष्णूच्या नऊ अवतारांनंतर दहावा अवतार म्हणून हजरत अली येतात. आगाखानांचा पक्ष जिंकला, आणि त्या निकालात या गिनानांचा पुरावा महत्त्वाचा ठरला. ज्यांना युरोपाने खुन्यांचे वंशज म्हणून ओळखले, ते लोक सांजसकाळ जमातखान्यात विष्णूच्या अवतारांची गाणी गात होते, हे न्यायालयाच्या दफ्तरात नोंदले गेले.

त्यानंतर पाऊणशे वर्षांनी याच शहरात उलट्या दिशेचे काम सुरू झाले. रशियातून आलेले व्लादिमीर इवानोव मुंबईत राहून निझारींनी पिढ्यान् पिढ्या जपलेली फारसी हस्तलिखिते गोळा करीत, वाचीत आणि छापीत होते; 1946 मध्ये इस्माइली सोसायटी येथेच स्थापन झाली, आणि पंथाचे म्हणणे पंथाच्या शब्दांत जगापुढे येऊ लागले. त्यापूर्वी, 1938 मध्ये, माथेरानला जन्मलेले आणि मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले आसफ फैझी यांनी आमिर खलिफाचा तो खलिता संपादून प्रसिद्ध केला होता, ज्याच्या पुरवणीत ‘हशीशिय्या’ हा शब्द प्रथम आढळतो. फैझी स्वतः बोहरा, म्हणजे मुस्तअलीच्या आणि आमिरच्या बाजूचे. खोजा निझारच्या बाजूचे. आठशे वर्षांपूर्वी कैरोत फुटलेल्या घराच्या दोन्ही शाखा मुंबईत एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर व्यापारधंदा करीत नांदत होत्या. फैझींनी आपल्या पूर्वजांच्या इमामाचा तो मजकूर, त्यातील शिवीसकट, मूळ अरबीत जसाच्या तसा छापला, आणि ती शिवी तेथे कोणत्याही पुराव्यावाचून उभी आहे हे ज्याला अरबी येते त्या प्रत्येकाला वाचता येऊ लागले.